प्रकल्प नोंदी: संकेतस्थळावर चढवण्याआधीचं वाचन

प्रकल्प: दापोली तालुक्यातल्या हर्णै-मुरूड पट्ट्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ. माझ्याकडचं काम: सगळा मजकूर तपासून घेणं.

२ फेब्रुवारी २०२५

वाचनालयात बैठक झाली. पानं ठरली: सुपारी-नारळाची बागायत, भरती-ओहोटी, किल्ले, परिसरातली माणसं, कासवं, एसटी आणि फेरीबोट. लिहिणारे मिळाले, फोटो देणारे तर भरपूर मिळाले. तपासणार कोण, या प्रश्नावर मात्र सगळे गप्प. एक जण म्हणाला, "ऑनलाइनच तर आहे, चुकलं तर मागाहून सुधारू."

मला हे पटत नाही, आणि ते मी तिथेच सांगितलं. पान आपल्या ताब्यात असतं, त्याचा स्क्रीनशॉट नसतो. सकाळी चुकीचं चढवलं आणि दुपारी सुधारलं, तरी मधल्या वेळात ते व्हॉट्सॲपवर तीन गावांत पोचलेलं असतं, आणि तिथे सुधारलेलं पान कोणी पाठवत नाही. पुस्तकाला निदान शुद्धिपत्र चिकटवता यायचं.

शेवटी एवढं ठरलं: ज्याने लिहिलं त्याने शेवटचं वाचन करायचं नाही. लिहिणाऱ्याला कागदावरचं दिसतच नाही, मनातलं दिसतं. आणि दोन जणांनी वाचल्याशिवाय एकही पान वर जाणार नाही. दुसरा माणूस त्या विषयातला हवा, नुसता शुद्धलेखनातला नको.

६ फेब्रुवारी

शैलीपत्रक करायला घेतलं. गावांच्या नावांपासून सुरुवात, कारण आलेल्या मजकुरात एकाच गावाची तीन रूपं आहेत. हर्णै, हर्णे, हरणे. आंजर्ले आणि अंजर्ले. मुरुड आणि मुरूड. मोबाईलवर बोलून टाइप केलेल्या लेखांत तर 'हरणे'च आहे सगळीकडे, आणि एकही पूर्णविराम नाही.

ठरवलं ते असं: हर्णै, आंजर्ले, मुरूड, केळशी, आडे, कर्दे, लाडघर, दाभोळ. जिल्ह्याबाहेरच्यांत पोंभुर्ले, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. 'दर्पण'ची तारीख ६ जानेवारी १८३२, तीही पत्रकात लिहून ठेवली, म्हणजे दर लेखाला पुन्हा शोधायला नको. बाकी शुद्धलेखनाला साहित्य महामंडळाचे नियम, १९६२ चे आणि १९७२ साली भर घातलेले. त्यावर वाद घालत बसायचं नाही असं मी सगळ्यांना कळवलं. नियम पटो न पटो, वाचणाऱ्याला एका संकेतस्थळावर एकच रूप दिसलं पाहिजे. नाहीतर तो शोधतो 'हर्णै' आणि आपलं अर्धं लिखाण 'हर्णे'खाली दडलेलं राहतं.

११ फेब्रुवारी

मुरूडचं पान. दापोलीचं मुरूड आणि रायगडातलं मुरूड-जंजिरा यांची गल्लत नेहमीची. शेजारच्या आळीतल्या वहिनी घरगुती निवास चालवतात. त्यांच्याकडे मागच्या दिवाळीत पाहुणे उतरले आणि चहा घेता घेता विचारलं, "जंजिऱ्याची होडी किती वाजता सुटते?" त्यांनी कुठल्याशा पर्यटनाच्या पानावर वाचलं होतं, फोटो जंजिऱ्याचा, खाली राहण्याचे पत्ते आपल्या मुरूडचे. लहान मुलं बरोबर, दोन रात्रींचे पैसे भरलेले. वहिनींनी त्यांना सुवर्णदुर्ग दाखवला, जेवायला घातलं, पण त्या माणसांची सुट्टी जी ठरली होती ती झाली नाही.

म्हणून आपल्या पानाचं पहिलंच वाक्य: "हे दापोली तालुक्यातलं मुरूड, जंजिरा किल्ला असलेलं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे." लेखक नाराज आहेत. त्यांची सुरुवात फेसाळत्या लाटांनी होत होती. लाटा दुसऱ्या परिच्छेदात घेतल्या.

याच पानावर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 'मुरूड येथे' असं आलं होतं. गाव मुरूड खरं, जन्म शेरवलीचा, १८ एप्रिल १८५८. दुरुस्त केलं. आपल्या गावाचा मान त्याने काही कमी होत नाही.

१८ फेब्रुवारी

वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि मोबाईलवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणला. तो जुन्या फॉन्टात टाइप केलेला होता. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने काम क्षणात केलं, पण वर वर बघून समाधान मानलं असतं तर फसलो असतो.

पडद्यावर 'डोंगर-दऱ्या' व्यवस्थित दिसत होतं. तोच मजकूर दुसऱ्या ठिकाणी चिकटवला तर झालं 'डोंगर-दर्या'. कारण शोधलं. युनिकोडमध्ये 'ऱ'ला स्वतंत्र जागा आहे, पण रूपांतरात तो साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा आला होता. काही ॲपमध्ये ते अदृश्य चिन्ह गळून पडतं आणि रफार तयार होतो. म्हणजे दऱ्यांचा समुद्र होतो. शिवाय शोधपेटीत 'दऱ्या' टाइप केलं तर हा लेख सापडत नाही, कारण दिसायला सारखं असलं तरी संगणकाच्या लेखी तो वेगळा शब्द.

दुसरं, विसर्ग. 'दुःख', 'अंतःकरण', 'स्वतः' या सगळ्यांत विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबं. डोळ्याला कळत नाही. ओळ तुटली की 'दु' एका ओळीत आणि 'ख' दुसऱ्या ओळीत असंही झालेलं दिसलं. तिसरं, 'ॲ' दोन प्रकारांनी आलेलं.

तिन्हींसाठी शोधा-बदला चालवलं, पण सरसकट नाही. वेळ लिहिताना मधली दोन टिंबं खरीच हवी असतात, तिथे विसर्ग घालून चालणार नाही. प्रत्येक ठिकाण बघून बदललं. वेळ गेला. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं, पण ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी गावाच्या विहिरींवर, पायवाटांवर मन लावून लिहिलं, त्यांचं लिखाण शोधल्यावर सापडलं पाहिजे.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. शाळेत कार्यक्रम होता. संकेतस्थळासाठी आलेल्या शुभेच्छापत्रात 'गौरव दीन'. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बापुडा. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे मोबाईल लाल रेघ ओढत नाही. गेल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याचा उल्लेख त्याच पत्रात होता. पाठवणाऱ्या मुलीला बोलावून शेजारी बसवलं आणि दोघांनी मिळून सुधारलं. तिला आता तपासणीच्या कामात घेतलं आहे, नजर चांगली आहे.

४ मार्च

भरती-ओहोटीचं पान. हे पान मला सगळ्यांत जोखमीचं वाटतं. पुळणीवर गाडी उतरवणारे पर्यटक दर सुट्टीत दिसतात, आणि भरती चढली की ट्रॅक्टर आणून ओढावी लागते.

एका कॉलेजच्या मुलाने मार्चचा तक्ता करून दिला. टापटीप, रंगीत. मी वाचला, मला चूक दिसली नाही. मग बंदरावरच्या तांडेल काकांकडे घेऊन गेलो. ते जाळं विणत बसले होते. चष्मा लावला, बोट ओळींवरून खाली नेत गेले आणि सात तारखेवर थांबले.

"सात तारखेला तिथी काय?"

"अष्टमी."

"मग भरती बाराला कशी? अष्टमीला बाराच्या सुमारास सुकती असते. आणि पाणी बघ केवढं दाखवलंय. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. उधाणाएवढं पाणी कुठून येईल?"

त्यांचा हिशेब जुना आणि सोपा. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. मुलाच्या तक्त्यात मधल्या एका आठवड्याच्या ओळी कापून चिकटवताना खाली घसरल्या होत्या, तारखा मात्र जागेवर राहिल्या होत्या. प्रत्येक आकडा खरा होता, फक्त दुसऱ्या दिवसाचा होता.

हे माझ्या हातून कधीच पकडलं गेलं नसतं. मी अक्षरं वाचतो, काका पाणी वाचतात. पानाच्या तपासणीत आता त्यांचं नाव दुसरा वाचक म्हणून कायमचं घातलं, आणि तक्त्याला तिथीचा रकाना जोडला. तिथी शेजारी असली की गावातला कोणीही चूक ओळखेल.

पानाच्या माथ्यावर: "पाऊणपटीचा हिशेब अंदाजासाठी आहे. बोट काढताना अधिकृत तक्ताच पाहावा."

१३ मार्च

शिमगा. पालखी बाहेर पडली, चाकरमानी आले आहेत. काम बंद.

२३ मार्च

किल्ल्यांचा लेख, गुरुजींचा. हस्ताक्षर देखणं, भाषा त्याहून देखणी. आपल्या किनाऱ्यावरचे सगळे जलदुर्ग त्यात आहेत. सिंधुदुर्गाच्या तारखा तपासल्या, पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४, बरोबर. सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला ते साल १७५५, बरोबर. विजयदुर्गावर अडलो.

वाक्य असं: "१८६८ साली लॉकियर या शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. किल्ल्यावर त्याने दुर्बिणी लावल्या ते 'साहेबाचे ओटे'ही दाखवतात. पण तपासायचं म्हणजे तपासायचं.

जे हाती आलं ते असं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने तिथून पाहिला. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून तेच काम केलं आणि वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा त्याला दिसली. तिच्यावरून पुढे नव्या मूलद्रव्याचा अंदाज बांधला गेला, सूर्याच्या ग्रीक नावावरून नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते रॅमसेला सापडलं १८९५ साली.

आणि लॉकियर विजयदुर्गावर आला होता का? आला होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो मोठी तुकडी घेऊन तिथे उतरला होता.

म्हणजे माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. ६ आणि ९ मधला फरक, आणि मधली तीस वर्षं. ही अदलाबदल मुळात कशी झाली ते सांगता येणार नाही, पण पुढे कशी पसरली ते उघड आहे. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने दोघांचा आधार दिला.

२५ मार्च

गुरुजींच्या घरी गेलो. त्यांना वाईट वाटलं. "सगळीकडे असंच लिहिलंय," म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, सगळीकडे आहे म्हणूनच आपण नीट लिहायला हवं. मुलं इथूनच उतरवून घेणार." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकूंना चहा ठेवायला सांगितला, लेख पुढे ओढला आणि तो परिच्छेद माझ्यासमोर स्वतः पुन्हा लिहिला. दोन ग्रहणं, दोन सालं, जान्सेन आणि गुंटूरसकट. आधीच्यापेक्षा तो परिच्छेद जास्त वाचनीय झाला आहे, कारण त्यात आता खरी हकीकत आहे. इंग्लंडहून बोटीने आलेला म्हातारा शास्त्रज्ञ कोकणातल्या किल्ल्यावर दुर्बिणी लावतो, हे काय कमी आहे?

गुरुजींनी एक अट घातली: आपल्या बाकीच्या लेखांतली सगळी सालं मी अशीच तपासावीत. मान्य केली.

८ एप्रिल

आकड्यांसाठी वेगळी पद्धत लावली. गिरगावात छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेले एक काका गावी परतले आहेत, त्यांनी शिकवली. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरच्या प्रतीवर बोट ठेवायचं. साल 'अठराशे अठ्ठ्याण्णव' असं वाचायचं नाही. 'एक, आठ, नऊ, आठ' असं सुटं वाचायचं. विरामचिन्हंसुद्धा तोंडाने म्हणायची. आणि शेवटचं वाचन खालून वर, एकेक ओळ, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा पुढे पळत नाही. "अर्थ कळायला लागला की चूक दिसायची थांबते," असं ते म्हणाले.

पडद्यावर न वाचता छापून वाचायचा त्यांचा आग्रह आहे. वाचनालयाचा प्रिंटर दुरुस्त करून घ्यायला हवा.

१९ एप्रिल

बागायतीचं पान, आणि आज जे सापडलं त्याने मी हादरलो आहे.

सुपारीच्या कोळेरोगावर पावसाआधी घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. फवारणी चुकली तर ऐन पावसात कोवळी सुपारी सडून झाडाखाली सडा पडतो, वर्षाचं उत्पन्न जातं. आलेल्या मजकुरात प्रमाण होतं: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

पाणी १०० लिटर हवं. एक शून्य गळलं होतं.

मी हे वाचून पुढे गेलो असतो का, याचा विचार करतो आहे. कारण १ किलो, १ किलो, १० लिटर हे प्रमाणही खोटं नाही. ते बोर्डो पेस्टचं प्रमाण आहे, खोडाच्या जखमेला लावायच्या मलमाचं. म्हणजे अर्धवट माहिती असलेल्या माणसाला ते ओळखीचंच वाटेल. फवारणीचं म्हणून तेच कोणी पंपात भरलं तर नोझल बुजेल, आणि त्यातून जे बाहेर पडेल ते दहापट तीव्र असेल. यंदाच नव्याने बाग हाती घेतलेली तरुण मुलं मोबाईलवर बघूनच करतात. त्यांच्या बापाने फवारणी केली होती, त्यांनी नाही.

बागायतदार काकांना विचारलं आणि आम्ही त्यांच्या वाडीत जाऊन मिश्रण करून बघितलं, पानावर लिहिलंय तसंच, एकेक वाक्य वाचत. पन्नास लिटर पाण्यात मोरचूद, पन्नास लिटरमध्ये चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपांत. मजकुरात 'भांड्यात' एवढंच होतं. काकांनी तिथेच थांबवलं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही, ते लिहायलाच हवं. मग ढवळत ढवळत दोन्ही एकत्र. निळं आभाळ उतरल्यासारखा रंग आला. शेवटी त्यांनी घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी त्यात बुडवून धरली आणि बाहेर काढून उन्हात फिरवली. पात्यावर तांबूस थर दिसला. "चुना कमी पडला," म्हणाले आणि थोडी निवळी आणखी घातली. दुसऱ्यांदा सुरी स्वच्छ आली.

ही सुरीची परीक्षा मूळ मजकुरात शेवटच्या ओळीत होती, 'आवश्यक वाटल्यास' असं लिहून. ते शब्द काढले. परीक्षा वर घेतली, फोटोसकट. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवायचं, हेही ठळक केलं. प्रमाण आता आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्हींत: १०० (शंभर) लिटर. शून्य गळलं तरी शब्द राहील.

२ मे

जोडणी तपासली. एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती: लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की खाली जी दोन ओळींची चौकट दिसते तिचा मजकूर वेगळ्या जागी भरलेला असतो. पानावर १०० लिटर, आणि चौकटीत अजून जुनंच १० लिटर. आणि ती चौकट एकदा गेली की पान सुधारल्याने तिच्यातलं बदलत नाही. पुष्कळ लोक तेवढंच वाचतात. सगळ्या पानांच्या चौकटी, फोटोंखालच्या ओळी, फोटोंची नावं, पानांची शीर्षकं असा वेगळा कागद केला आणि तोही मोठ्याने वाचून घेतला. भाषा दिनाला शेजारी बसवलेल्या मुलीने कासवांच्या फोटोखाली 'अंडी ५० दिवसांत' ऐवजी 'अंडी ५०' पकडलं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पन्नास हे पिल्लं बाहेर यायला लागणारे साधारण दिवस.

१० मे

बागायत, भरती-ओहोटी, मुरूड आणि किल्ले ही चार पानं वर गेली. बाकीची राहू देत. एसटीच्या वेळा आगारातून पक्क्या झाल्याशिवाय ते पान उघडणार नाही, कितीही मागणी आली तरी.

२१ मे

पाऊस अवकाळी सुरू झाला आहे, रोज. बागायतदारांची धांदल. उघडीप मिळेल तशी फवारणी चालली आहे. दिवसभर पानाला भेटी वाढल्या. दोघांचे फोन आले. एकाने विचारलं, सुरीऐवजी कोयती चालेल का? काकांना विचारून कळवलं: चालेल, लोखंडाची हवी आणि गंज घासून काढलेली हवी. पानावर तेवढं वाढवलं. वाढवलेलं वाक्यही दोघांनी वाचलं.

२७ मे

मोसमी पाऊस परवा देवगडला पोचला, काल मुंबई गाठली. इतक्या लवकर कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

३१ मे

उद्यापासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, बोटी वर ओढल्या आहेत. तांडेल काका आता मोकळे, म्हणून मासळीचं पान त्यांच्याकडे दिलं. माशांची नावं हर्णैला एक, मालवणला दुसरी. कुठलं नाव कुठलं ते तेच सांगू शकतील. मोबाईलवर वाचणार नाही म्हणाले, मोठ्या अक्षरांत छापून हवं. प्रिंटर दुरुस्त झाला आहे. उद्या सकाळी प्रत त्यांच्या घरी पोचवायची, सोबत लाल पेन.